'कट' म्हटल्यावरही

२ फेब्रुवारी

घेतलं काम. त्यानं नको म्हटलं म्हणूनच घेतलं!

दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा नवरा समोर बसून चहा पीत होता. "बाई, आपली विनोदी संगीतिका, तुमचे यजमान जिच्यात बेकरीवाला झालेत — शूटिंग सुरू झालंय. एडिटिंग तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाला मी विचारतच नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला, याला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, लक्ष कुठे असतं कोण जाणे. कळलं तेव्हा कप तसाच हातात धरून म्हणाला, "नको घेऊस. तुला असल्यात कुठे रस आहे?"

नाहीच आहे रस! माणसं धड बोलायचं सोडून गातात. दार उघड म्हणायला चार ओळी आणि वर दोन ताना. तोवर बाहेरचा माणूस निघून गेलेला असतो. त्यात ही विनोदी — म्हणजे गाताना डोळेही फिरवणार. याच्या प्रयोगांना मी पहिल्या रांगेत बसून पेंगायचे. शेवटी यानंच पास आणणं बंद केलं.

पण ज्या माणसानं लग्न झाल्यापासून "एकदा तरी नीट ऐक गं" म्हणून मागे भुणभुण लावली, तो आता नको म्हणतो? चेहरा असा पडला होता की बस. मी तिथल्या तिथे फोन उचलला आणि होकार कळवला. त्याच्या समोर. नाकावर टिच्चून.

त्यानं कप विसळून ठेवला.

५ फेब्रुवारी

पहिल्या चार दिवसांचं चित्रीकरण आलं. माझी पद्धत ठरलेली — पहिली पाहणी मुकी. आवाज पूर्ण बंद. नट काय म्हणतो ते नंतर, आधी तो काय करतो ते बघायचं. आवाज माणसाला गुंडाळतो, चेहरा नाही गुंडाळत. इतकी वर्षं याच पद्धतीवर भाकरी खाल्ली आहे.

तर 'खळ आणि खमीर'. गोष्ट काय? समोरासमोर दोन दुकानं. एक बेकरी, एक लाँड्री. एक दिवस पोत्यांची अदलाबदल होते. कपड्यांची खळ जाते पावात, पावाचं खमीर जातं कपड्यांत. पाव लाकडासारखे ताठ, आणि गावातल्या बड्या मंडळींच्या कॉलरी भर सभेत फुगायला लागतात! बेकरीवाला आणि लाँड्रीवाली एकमेकांच्या उरावर बसतात, कोर्टात जातात आणि शेवटी अर्थातच गळ्यात गळा. दोन तास. एकही वाक्य साधं नाही, सगळं गाण्यात.

मोठी माणसं आहेत ही! पैसे घालून हे बनवतायत!

बेकरीवाला माझा नवरा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पिठात माखलेला. बरा दिसतो, खोटं कशाला बोलू. लाँड्रीवाली झालेली मुलगी — मुलगी म्हणायला तशी तिशीची असेल — एक जागी ठरत नाही. नुसती भिंगरी. तिचं नाव मी भिंगरीच ठेवलंय.

गाणी मागच्या वर्षीच रेकॉर्ड झालीत. शूटिंगला ती भोंग्यावर लावतात, नटांनी फक्त ओठ हलवायचे. मला चित्रावर ते रेकॉर्ड केलेलं गाणं बसवूनच मिळतं. सेटवरचा कच्चा आवाज वेगळ्या पट्टीवर येतो — भोंगा, खोकले, सुतारांची ठोकाठोक. तो मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकते. कुणालाच लागत नाही तो.

६ फेब्रुवारी

बघतो कुठे हा?

कोर्टातल्या भांडणाचं गाणं आहे. बेकरीवाल्यानं रागानं लाँड्रीवालीच्या डोळ्यांत डोळे घालून भांडायचं आहे. हा डोळ्यांत बघतच नाही. ओठांकडे बघतो! एका टेकमध्ये असेल म्हणून दुसरा बघितला. तिसरा. सगळीकडे तेच. टक लावून, तहानलेल्या माणसासारखा, तिच्या ओठांकडे.

दुपारचा डबा तसाच परत आणला.

९ फेब्रुवारी

आज जे बघितलं ते कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

दिग्दर्शक "कट" म्हणतो, तरी कॅमेरा क्षणभर चालूच राहतो. आम्ही त्याला शेपूट म्हणतो. शेपूट कापून टाकायचं असतं, कुणी बघत नाही. मी बघते. नटाचा नटपणा उतरतो आणि माणूस दिसतो तो तिथेच. कुणी लगेच घाम पुसतं, कुणी खाजवतं, कुणी चहावाल्याला शोधतं.

भांडणाच्या गाण्याच्या शेवटी दोघांनी रागानं एकमेकांचा हात पिरगाळायचा आहे. गाणं संपतं. कट. मागचा न्यायाधीश टोप काढतो. पोलीस खाली बसतात. लाइट मारणारे वायर गुंडाळायला लागतात. आणि हा? हात तसाच! तिचा हात हातात, नजर तिच्या तोंडावर, जगाचं भान नाही. ती काहीतरी पुटपुटते, हळूच त्याच्या हातावर थोपटते, तेव्हा कुठे सोडतो. आणि हसतो. ते हसू मला ओळखीचं आहे. चूक पकडली गेली की तो मला बघून तसंच हसतो. आजवर मलाच!

सगळी शेपटं काढून बघितली. एकूण एक. कट म्हटल्यावरही हात सोडत नाही माझा नवरा.

म्हणून नको म्हणत होता होय! आता कळलं.

१० फेब्रुवारी

फार जळफळाट झाला तर माणूस काम फार छान करतो असं दिसतंय.

सूडच उगवला मी. कोर्टातलं दोघांचं गाणं घेतलं आणि त्यातून त्यांचे एकमेकांकडे बघणारे सगळे शॉट फेकून दिले. बघा आता एकमेकांकडे! मागे न्यायाधीश बसलाय ना, त्याची कॉलर फुगतेय, तीच दाखवली. गातायत हे दोघं, दिसतेय कॉलर. प्रत्येक ओळीला बोटभर वर. हनुवटीपर्यंत, मग ओठांपर्यंत, मग नाकापर्यंत. तो बिचारा निकालाचा हातोडा शोधतोय, सापडत नाही म्हणून ताठ झालेला पाव टेबलावर आपटतोय. खाट! खाट!

नुसतं सूड म्हणून केलं आणि गाणं लावून बघितलं तर —

हसले. मोठ्यानं. खोलीत एकटी. स्वतःच्याच हसण्यानं दचकले.

संध्याकाळी दिग्दर्शक आला, बघितलं, खुर्चीतून घसरायचाच बाकी होता. "बाई, हे सुचलं कसं तुम्हाला?" काय सांगणार? म्हटलं, सुचलं असंच.

१२ फेब्रुवारी

घरात हल्ली फार लाडात आलाय. मी काही बोलायला लागले की हातातलं टाकून समोर येऊन बसतो. दिवा लावतो. चेहऱ्याकडे बघत राहतो. पूर्वी वर्तमानपत्रामागून "हं, हं" करायचा, तेच बरं होतं की! अपराधी नवरे असेच करतात. बायकोकडे एकदम लक्ष द्यायला लागतात.

आणि फोन. पूर्वी तासन्‌तास गप्पा छाटायचा, आता कुणाचा फोन उचलत नाही. फक्त मेसेज. फोन शर्टाच्या खिशात, छातीवर. तो थरथरला की हात लगेच तिथे. जेवताना चारदा! विचारलं, कोण? "शूटिंगचं." मान खाली.

भात करपला तो करपला. खाल्ला त्यानं मुकाट.

१३ फेब्रुवारी

नणंदेला फोन केला. तिच्याजवळ मन मोकळं होतं, सख्ख्या भावाची बाजू घेत नाही ती. म्हटलं, तुझा भाऊ हल्ली भलतीकडेच असतो. हाक मारली तर ओ देत नाही. माझ्यात लक्ष नाही त्याचं.

ती म्हणाली, "वहिनी, बाबांचंही पन्नाशीनंतर असंच झालं होतं."

सासऱ्यांचंही! त्या देवमाणसाचं! मला काही ऐकवेना. कुकर लागलाय म्हणून फोन ठेवून दिला. लागला नव्हता. घराण्यातच आहे तर हे.

१५ फेब्रुवारी

एक गंमत लक्षात आली. गंमत कसली, डोंबल!

हा एकटा असलेल्या शॉटमध्ये ओठ मागे पडतात. जरासेच. प्रेक्षकाला कळायचं नाही, मला कळतं. गाणं पुढे, हा मागे. भिंगरी समोर असली, हात हातात असला, की तालात चपखल. तिनं हात सोडला की घसरला.

दिग्दर्शक म्हणतो, "रंगभूमीचा माणूस आहे हो, सवय नाही कॅमेऱ्याची." मग ती असताना कशी होते सवय?

माझ्याबरोबर इतकी वर्षं तालात चालला. आता तिच्याशिवाय याचा ताल लागत नाही! आणि मला बसून त्याचा प्रत्येक शॉट पुढे सरकवावा लागतो, ओठांना ओठ — म्हणजे गाण्याला ओठ — जुळवावे लागतात. माझ्याच हातानं मी या दोघांची जोडी जमवतेय. जितकं काम चांगलं, तितकी ती दोघं एकमेकांना शोभतात. असलं काम कुणा बाईच्या वाट्याला येऊ नये.

१७ फेब्रुवारी

सेटवर गेले. न सांगता. निमित्त केलं, दिग्दर्शकाला अमुक शॉट हवा म्हणून सांगायचं होतं.

प्लायवूडची बेकरी. भट्टीत लाल दिवा. लाकडाचे पाव रंगवून टोपल्यांत रचलेले, एक मी उचलून बघितला, पायावर पडला असता तर बोट गेलं असतं. दोघं कुठे दिसेनात. लाँड्रीच्या मागे, दोरीवर चादरी टांगल्या आहेत तिकडे गेले.

होती तिथे. समोरासमोर, इतकी जवळ की मध्ये हात घालता आला नसता. ती हळूहळू, तोंड मोठं करून काहीतरी म्हणत होती. हा तिच्या ओठांकडे बघत स्वतःचे ओठ तसेच हलवत होता. तिचा अंगठा याच्या तळहातावर, दाबत होती, सोडत होती. दाबत होती, सोडत होती.

मी याला हाक मारली. नावानं. ढिम्म! पाठ माझ्याकडे, हलला नाही. परत मारली, चढ्या आवाजात. पलीकडचा सुतार वळून बघायला लागला, पण हा नाही. भिंगरीचं माझ्याकडे लक्ष गेलं, ती चपापली, तिचे डोळे वळले, आणि तेव्हा, तिचे डोळे वळले म्हणून, हा वळला.

माझ्या हाकेनं नाही वळला. तिच्या डोळ्यांवर वळला.

"अगं, तू कधी आलीस?" म्हणे. कानापर्यंत लाल झाला होता. भिंगरी म्हणाली, "वहिनी, बसा ना, चहा सांगते." वहिनी! हिची वहिनी कोण? मी म्हटलं, मला काम आहे. चादर बाजूला करून निघाले ती दोरीच खाली आली. पाच-सहा ओल्या चादरी अंगावर. सगळं युनिट बघत होतं. संगीतिकेत शोभलं असतं.

रिक्षात रडले. चालकानं आरसा फिरवून घेतला, भला माणूस.

१८ फेब्रुवारी

काही नाही.

२० फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आज मला ती संगीतिका आवडली.

इस्त्रीच्या टेबलावरचं गाणं आलं. कोर्टात दोघं हरलेत, दुकानं बंद. तो खमिराचं पोतं परत द्यायला येतो, ती खळीचं पोतं परत करते. मध्ये इस्त्रीचं टेबल. आणि पुन्हा तेच भांडणातलं धृपद —

"पाव माझा ताठ झाला, सांग आता विकू कुणाला?"
"शर्ट माझा फुगून आला, सांग आता घालू कुणाला?"

पहिल्यांदा किंचाळत म्हटलेलं. इथे तेच शब्द अगदी हळू. एक पैशाचा अर्थ नाही त्या शब्दांना! पाव आणि शर्ट! तरी ओढणीनं डोळे पुसले मी. साध्या बोलण्यात ही दोघं एकमेकांना काही म्हणू शकली नसती. दोन हट्टी माणसं, बोलली असती तर परत भांडलीच असती. गाण्यात म्हणता येतं. हे मला या वयात कळतंय.

मग एक केलं. चित्र बंद केलं. मी! आणि नुसता आवाज लावला. त्याचा.

"विकू कुणाला"वर जिथे तो खाली उतरतो ना, तिथे आवाज थोडा खरखरतो, जिन्यावरून सांभाळून उतरणाऱ्या माणसासारखा. मुद्दाम नाही करत. तसाच आहे तो आवाज. किती वर्षं न्हाणीघरातून, स्वयंपाकघरातून हा आवाज येतोय आणि मी "जरा हळू!" म्हणून ओरडतेय. इतका गोड गातो हा? सांगितलं कसं नाही कुणी मला? यानंच सांगितलं होतं म्हणा, दर रविवारी.

परत लावलं. परत. सहा-सात वेळा तरी झालं असेल.

आणि नेमकं आता, जेव्हा तो गातोय दुसऱ्याच कुणासाठी! मेल्या, आधी नाही का मला धरून बसवायचंस!

२१ फेब्रुवारी

सकाळी भाजी निवडताना गुणगुणत होते. पाव माझा ताठ झाला. माझा आवाज म्हणजे दाराची कडी, पण घरात कोण ऐकतंय? वर बघितलं तर हा दारात उभा. माझ्या तोंडाकडे बघत. किती वेळ उभा होता देव जाणे.

मी गप्प झाले. त्याचे डोळे भरलेले वाटले. मग पटकन चपला घालून शूटिंगला गेला. आज शेवटचा दिवस शूटिंगचा.

त्याला काय रडायला झालं? रडायचं मी! बायकोनं गाणं शिकावं आणि नवऱ्यानं घर सोडावं अशी वेळ आली, म्हणून वाईट वाटलं असेल.

२३ फेब्रुवारी

बोलले. सगळं बोलून टाकलं.

तो पलंगाजवळ, माझ्याकडे पाठ करून, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. मी दारात. समोर जाऊन बोलायचा धीर नव्हता, तोंड बघितलं असतं तर शब्द फुटला नसता. पाठीलाच म्हटलं, "तुला तिच्याकडे जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. तमाशा करणार नाही. फक्त तुझ्या तोंडून एकदा सांग." आणि मग, जे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेले. "मला तुझं गाणं आवडायला लागलंय रे. आता नको जाऊस."

हात थांबला नाही त्याचा. माझी ओढणी होती हातात. काठाला काठ लावून घडी घातली, हातानं सारखी केली, ढिगावर ठेवली. मग टॉवेल घेतला. त्याची घातली. मग वळला आणि हसून म्हणाला, "झालं बघ सगळं. जेवायचं का?"

जेवायचं का!

भांडला असता, रडला असता, हो म्हणाला असता, चाललं असतं. मी माझं काळीज काढून दिलं आणि या माणसानं टॉवेलची घडी घातली. दगड आहे. मी म्हटलं, भूक नाही, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

२४ फेब्रुवारी

ठरलं. काम अर्धवट टाकायची माझी रीत नाही. संगीतिका पूर्ण करीन, चांगली करीन, तिचा काय दोष? मग नणंदेकडे जाईन. बॅग काढून ठेवलीय. त्यानं बघितली. "कुठे निघालीस?" म्हणून विचारलंही. म्हटलं, माळा आवरतेय.

पण जाण्याआधी त्याला दाखवणार. तोंडानं सांगून झालं, टॉवेलची घडी मिळाली. आता डोळ्यांनी बघ म्हणावं. सगळी शेपटं काढतेय, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतची, आणि एकामागे एक जोडतेय. हात, हात, हात, थोपटणं, हसणं. बायको एडिटर आहे म्हटलं, विसरलास का? सबंध संगीतिका मी कापली नसेल इतक्या बारकाईनं हे कापतेय.

त्याला बोलावलंय परवा, एडिटिंगच्या खोलीत. समोर बसवून लावणार आणि उठून जाणार.

२६ फेब्रुवारी

तो यायचाय. जोडून झालं. म्हटलं, नुसतं मुकं काय दाखवायचं, नाही म्हणायला जागाच नको. सेटवरचा तो कच्चा आवाज पहिल्यांदा उघडला.

भिंगरी. प्रत्येक शेपटात तीच, सावकाश, एकेक शब्द सुटा. "दादा, कट झालं. हात सोडा." "दादा, गाणं संपलं." "दादा, डावीकडे बघा, ते हाक मारतायत." "नाही दादा, नाही कळलं कुणाला."

त्याला ऐकू येत नाही. भोंगा नाही, कट नाही, माझी हाक नाही. त्या दिवशी पाठीमागून जे बोलले त्यातलं एक अक्षर नाही. देवा, उपकार झाले तुझे!

शेवटच्या दिवसाचं शेपूट मोठं आहे. ती म्हणते, "दादा, आता तरी वहिनींना सांगा ना." तो तिच्या ओठांवरून ते नीट वाचून घेतो. हसतो. म्हणतो, "एवढ्यात नको गं. इतक्या वर्षांत ती आत्ता कुठे माझं गाणं ऐकायला लागलीये."